नजर कमी झाल्यावर कुठे जायचं, काय मागायचं

डॉक्टरांनी चष्म्याचा नवा नंबर न देता फाईल मिटली आणि "आता आहे तेवढी नजर सांभाळायची" असं सांगितलं, की दवाखान्याच्या दाराबाहेर पडल्यावर कुणाकडे जायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी रातांधळेपणा आला, मग बाजूचं दिसणं आक्रसत गेलं, आणि आता नळीतून पाहावं तसा समोरचा एक तुकडा उरला आहे. निदान झाल्यावर अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेची पायरी चढायला मला चार वर्षं लागली. "आपण काही अंध नाही," असं मी स्वतःला सांगत राहिले. त्या चार वर्षांत जिन्यावर पडले, ओळखीच्यांना न ओळखता पुढे निघून गेले, अंधार पडल्यावर घराबाहेर जाणंच सोडून दिलं. आता तशाच एका संस्थेत नव्याने येणाऱ्यांशी पहिलं बोलणं मी करते, आणि जवळजवळ प्रत्येक जण हीच गोष्ट थोड्या फरकाने सांगतो.

म्हणून आधीच सांगते: या सेवा पूर्ण अंधांपुरत्या नसतात. थोडं दिसत असतानाच या. उरलेल्या नजरेचा आधार असताना हात, कान आणि पाय नव्या सवयी लवकर उचलतात.

पहिली पायरी: काय दिसतं ते लेखी मिळवा

निदानाचं नाव पुरेसं नसतं. पुढच्या डॉक्टरभेटीत एवढं विचारा: दोन्ही डोळ्यांची लांबची आणि जवळची नजर किती, दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता आजूबाजूचं जेवढं दिसतं ते, किती उरलं आहे, फिकट आणि गडद यातला फरक किती कळतो, प्रकाशाचा त्रास होतो का, आजार वाढणारा आहे का, आणि तो घराण्यात उतरू शकतो का. याचा लेखी अहवाल घ्या. पुढे प्रत्येक दारात तो लागतो.

त्यातले आकडे समजून घ्या. ६/६० म्हणजे सर्वसाधारण डोळा जे अक्षर ६० मीटरवरून वाचतो, ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, बऱ्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर त्याला अंधत्व म्हणतात, आणि ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर मध्यम किंवा तीव्र दृष्टिदोष. दृष्टिक्षेत्रही धरलं जातं. समोरचं बारीक अक्षर वाचता येतं, पण शेजारचा माणूस दिसत नाही, अशी माझ्यासारखी माणसं त्यामुळेच या सेवांना पात्र ठरतात. अंधत्वाच्या किंवा अल्पदृष्टीच्या दाखल्याचे निकष देशागणिक वेगळे असतात. दाखला मिळत असेल तर जरूर घ्या, पण तो हातात येईपर्यंत थांबू नका. शिकवणाऱ्या बऱ्याच संस्था दाखल्याशिवायही पहिली भेट देतात.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लोक कुणाजवळच बोलत नाहीत. नजर बरीच कमी झाल्यावर काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात: भिंतीवर नक्षी, खोलीत अनोळखी माणसं, फुलं, जनावरं. आवाज नसतो, फक्त चित्र असतं. डोळ्यांकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो, त्यातून हे घडतं. याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना होणाऱ्या अशा भासांबद्दल लिहिलं होतं. हे वेड नव्हे, आणि विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे असंही समजू नका. तरी डॉक्टरांना सांगाच, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना हे तपासलं जाईल. एक आजी माझ्याशी बोलताना रडल्या होत्या. दोन वर्षं त्यांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नाव कळलं आणि त्यांना शांत झोप लागायला लागली.

दुसरी पायरी: पहिला फोन

कुठे करायचा? नेत्र रुग्णालयात अल्पदृष्टी विभाग आहे का ते आधी विचारा. नसेल तर अंधांची संघटना, अंधांसाठीचं ग्रंथालय किंवा अंधशाळा, यांतलं जे पहिलं सापडेल तिथे करा. शाळा मुलांची असली तरी मोठ्यांना कुठे शिकवतात हे तिथल्या शिक्षकांना हमखास ठाऊक असतं. एका ठिकाणी नकार आला तर त्यांनाच विचारा, "मग मी कुणाला फोन करू?" हा प्रश्न फोन ठेवण्याआधी विचारायची सवय लावून घ्या.

फोनवर सगळी कहाणी सांगायची गरज नाही. वय, काय दिसतं, घरी कोण आहे, आणि सध्या सर्वांत जास्त काय अडतं, एवढं बोला. मग विचारा: घरी येऊन शिकवता का? काठीचं प्रशिक्षण कोण देतं, आणि त्याने ते कुठे घेतलं? किती थांबावं लागेल? तोवर फोनवरून काही मदत मिळेल का?

आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारायला सांगते: तुमच्याकडे शिकवणाऱ्यांत आणि निर्णय घेणाऱ्यांत अंध माणसं आहेत का? अंधांनी चालवलेल्या संघटना आणि अंधांसाठी इतरांनी चालवलेल्या संस्था, दोन्हीकडे चांगलं काम होतं. पण अंध माणूस जिथे खुर्चीत बसून तुमच्याशी बोलतो, तिथे पहिल्या पाच मिनिटांत मनावरचं निम्मं ओझं उतरतं. नजर परत आणून देण्याचं आश्वासन देणाऱ्या किंवा मदतीच्या बदल्यात तुमचा केविलवाणा फोटो मागणाऱ्या ठिकाणाहून मात्र उठून या.

तिसरी पायरी: पहिल्या भेटीला यादी घेऊन जा

आठवडाभर स्वतःकडे लक्ष ठेवा आणि जिथे जिथे अडलं ते टिपून ठेवा. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोलून साठवा. "वाचता येत नाही" असं मोघम नको. "औषधाच्या पट्टीवरचं नाव कळत नाही", "जिन्याची शेवटची पायरी चुकते", "उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटं काही दिसत नाही", असं नेमकं हवं. नेमक्या अडचणीवर उपाय लगेच सुचतो.

सोबत घरचं कुणी न्या, पण उत्तरं तुम्ही द्या. "यांना चहा चालेल का?" असं कुणी सोबत्याला विचारलं तर शांतपणे स्वतः उत्तर द्या. हा सराव पुढे आयुष्यभर लागतो.

मदत मागताना शक्य तिथे शिकवण मागा. "माझी पत्रं वाचायला कुणी येईल का?" हे विचारायला हरकत नाही, पण त्यासोबत "ती मला स्वतःला वाचता यावीत म्हणून काय शिकवाल?" हेही विचारा. वाचून दाखवणारा आठवड्यातून एक तास येतो. उरलेला आठवडा तुमचा तुम्हालाच काढायचा असतो.

उरलेली नजर वापरायला शिकणं

डोळे वापरले तर लवकर झिजतील, ही भीती मनातून काढून टाका. वाचल्याने किंवा डोळे ताणल्याने नजर कमी होत नाही. थकवा येतो, तो विश्रांतीने जातो.

भिंग बाजारातून उचलून आणू नका. अल्पदृष्टी तज्ज्ञाकडे वेगवेगळी भिंगं तुमच्याच कामावर लावून पाहता येतात. भिंग जितकं जोरदार, तितकं एका वेळी दिसणारं क्षेत्र लहान, आणि कागदही तितका जवळ धरावा लागतो. त्यामुळे एकच भिंग सगळ्या कामांना पुरत नाही. दृष्टिक्षेत्र आक्रसलेल्या माझ्यासारख्यांना तर मोठं केलेलं अक्षर अडचणीचंच ठरतं, कारण चौकटीत मावतच नाही.

भिंगाआधी दिवा हलवून पाहा. दिवा कागदापासून निम्म्या अंतरावर आणला की कागदावर साधारण चौपट उजेड पडतो. म्हणून छताचा मोठा दिवा बदलण्यापेक्षा मान वाकणारा टेबललॅम्प खांद्यामागून कागदावर आणणं जास्त उपयोगी. दिव्याचा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका.

ज्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आहे, उदाहरणार्थ वयोमानाने मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजलेल्यांना, किंचित बाजूला पाहून कडेच्या नजरेने वाचायला शिकवतात. समोरच्याला वाटतं तुम्ही दुसरीकडे पाहताय. वाटू द्या. सरावाला काही आठवडे लागतात, आणि तो घरी रोज करावा लागतो.

पांढरी काठी

माझी काठी वर्षभर कपाटात होती. ती बाहेर काढली त्या दिवशी शेजाऱ्यांना काय वाटेल, या एकाच विचाराने मी दारातून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा गेले आणि रस्त्यात कुणाला धक्का लागला तेव्हा पहिल्यांदाच मला "दिसत नाही का?" असं ओरडून कुणी विचारलं नाही. काठी दोन कामं करते. ती तुम्हाला रस्ता सांगते, आणि रस्त्याला तुमच्याबद्दल सांगते.

हे दुसरं काम आधी सुचलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची अपघातात दृष्टी गेली. वाहनचालकांना आपण दिसावं म्हणून त्यांनी १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बमॉं यांनी अंधांना पांढऱ्या काठ्या वाटायची मोहीम सुरू केली. काठीने पुढची जमीन पद्धतशीर तपासत चालण्याचं तंत्र त्यानंतरचं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठी आणि तिची पद्धत बसवली. १५ ऑक्टोबर हा दिवस पांढऱ्या काठीचा म्हणून पाळतात.

काठी मागताना "मला कशी हवी?" हे विचारा. हातभर लांबीची, फक्त ओळखीसाठी धरायची काठी असते. जमीन चाचपत चालायची लांब काठी वेगळी, आणि भार टेकायची आधाराची काठी त्याहून वेगळी. लांब काठीवर भार टाकायचा नसतो. तिची उंची उभ्या माणसाच्या छातीच्या हाडापर्यंत तरी असावी. भरभर चालणाऱ्यांना आणखी लांब लागते. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील तर अनेक देशांत त्याचा अर्थ, त्या व्यक्तीला ऐकूही कमी येतं असा होतो.

तंत्र ऐकायला सोपं आहे. हात पोटाच्या मध्यावर, मनगटाने काठी डावी-उजवीकडे खांद्यांच्या रुंदीपेक्षा जराशी जास्त फिरवायची. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, डावा पडतो तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जमीन आधीच तपासलेली असते. सुरुवातीला पाय आणि काठी एकाच बाजूला जातात आणि सगळं चुकतं. सर्वांचंच चुकतं. मोकळ्या दालनात सुरुवात करा, मग ओळखीचा रस्ता, मग रहदारी. रस्ता ओलांडणं प्रशिक्षकाशिवाय शिकू नका. छातीच्या वर लटकणारी फांदी किंवा उघडी खिडकी काठीला सापडत नाही, तिच्यासाठी दुसरा हात चेहऱ्यासमोर कसा धरायचा हेही प्रशिक्षक दाखवतो.

पदपथावरच्या उठावाच्या फरश्याही याच प्रशिक्षणात वाचायला शिका. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे या दिशेने चला. गोल उठावांची म्हणजे थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा फलाटाची कड आहे. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसल्या.

मार्गदर्शक कुत्र्याबद्दल बरेच जण विचारतात. जिथे ही सेवा आहे तिथे ती फार मोलाची आहे, पण कुत्रा मिळण्याआधी काठीने नीट चालता यावं अशी अपेक्षा असते, आणि कुत्र्याचं सगळं करावं लागतं. तेव्हा सुरुवात काठीपासूनच.

डोळस सोबत्याबरोबर चालणं

हा भाग घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आमचा हात धरून ओढू नका, पाठीमागून ढकलू नका. तुमचा हात पुढे करा, आम्ही कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. तुमचं अंग वळलं, थांबलं, पायरी चढलं की ते आम्हाला हातातूनच कळतं. अरुंद जागा आली की तोच हात पाठीमागे न्या, आम्ही तुमच्या मागे एका रांगेत येतो. जिन्यापाशी क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढंच म्हणा. खुर्चीत बसवताना खांदे दाबू नका, आमचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बसायचं आम्हाला येतं.

"तिथे", "इकडे", "ते बघ" या शब्दांनी काही कळत नाही. "तुमच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर" म्हणा. टेबलावरच्या वस्तू घड्याळाच्या आकड्यांनी सांगा: पेला दोनवर, चमचा सहावर. खोलीतून जाताना "मी जातोय" सांगून जा. रिकाम्या खुर्चीशी बोलत राहिलेलं लक्षात येतं तेव्हा फार एकटं वाटतं.

घरात

घर बदलायची गरज फारशी पडत नाही, सवयी बदलाव्या लागतात. वस्तूची जागा ठरली की ती तिथेच परत जायला हवी, आणि हा नियम घरातल्या डोळसांनाही लागू. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. पायऱ्यांच्या कडांना गडद किंवा फिकट, जो रंग उठून दिसेल त्याची पट्टी लावा. शेगडीच्या आणि यंत्रांच्या बटणांवर उठावदार ठिपके चिकटवा, पण मोजकेच. सगळीकडे लावले की एकही सांगत नाही. पेला भरत आला की वाजणारं छोटं यंत्र मिळतं. गरम पाण्यासाठी ते घ्याच.

वाचन आणि फोन

तुमच्या हातातल्या फोनमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारी सोय बहुधा आधीच आहे: अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. व्हॉइसओव्हर आयफोनमध्ये २००९ साली आलं. ही सोय सुरू केल्यावर बोटांच्या खुणा बदलतात, म्हणून पहिल्यांदा सुरू करताना शेजारी कुणी असू द्या आणि बंद कशी करायची हे आधी शिका. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, आहे, तो मोफत मिळतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी महागड्या सॉफ्टवेअरला पर्याय म्हणून २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो. पहिले चार दिवस तो यंत्रासारखा कर्कश वाटतो. कान सरावतात, आणि महिन्याभरात तुम्ही स्वतःच वेग वाढवता.

बी माय आइज नावाचं अॅप २०१५ पासून आहे. कॅमेरा सुरू करून जगातल्या कुणा स्वयंसेवकाला "ही तारीख काय आहे?" असं विचारता येतं. बँकेची कागदपत्रं आणि पासवर्ड मात्र त्यावर दाखवू नका.

ब्रेल शिकावी का? माझं उत्तर हो आहे, साठीनंतरही. लुई ब्रेल यांचा जन्म १८०९ चा. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातल्या हत्याराने डोळ्याला इजा झाली आणि दृष्टी गेली. १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, त्यांनी सहा टिंबांची लिपी बसवली. या सहा टिंबांतून ६३ खुणा होतात. मोठी पुस्तकं वाचण्याइतका वेग आला नाही तरी डब्यावरची चिठ्ठी, लिफ्टचं बटण, औषधाच्या खोक्यावरचं नाव स्वतःच्या बोटांनी वाचता येतं. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर आधी तसं सांगा, म्हणजे मोठ्या टिंबांपासून सुरुवात करता येते.

पुस्तकांसाठी अंधांच्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या. मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. ज्या देशांनी तो स्वीकारला आहे, तिथे मान्यताप्राप्त संस्थांना छापील पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा मोठ्या अक्षरांतली प्रत प्रकाशकाची वेगळी परवानगी न घेता करता येते आणि दुसऱ्या सदस्य देशात पाठवताही येते. हवं ते पुस्तक यादीत नसेल तर ते तयार करून द्या अशी मागणी करा. मागणी आली की काम सुरू होतं.

शिक्षण, नोकरी आणि गट

विद्यार्थ्याने परीक्षेच्या बऱ्याच आधी लेखनिक, जादा वेळ, मोठ्या अक्षरांची किंवा संगणकावरची प्रश्नपत्रिका यांचा अर्ज करावा, आणि लेखनिकाबरोबर निदान दोन वेळा सराव करावा. नोकरी करणाऱ्याने राजीनामा देण्याआधी संस्थेशी बोलावं. मी अनेकांना घाईने राजीनामा दिलेला पाहिला आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम स्क्रीन रीडरने जमण्यासारखं होतं.

गटाची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण लोक तिला शेवटी हो म्हणतात. आठवड्यातून एकदा, प्रत्यक्ष किंवा फोनवर, नजर गमावलेली पाच-सात माणसं बोलतात. रागही निघतो, रडूही येतं, आणि मध्येच कुणी विचारतं की मोजे जोडीने कसे ठेवता. धुण्याआधी पिनेने जोडायचे, हे मला तिथेच कळलं. पहिल्या दोन बैठकांत गप्प बसलात तरी चालतं. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर गटावर विसंबू नका, समुपदेशक किंवा डॉक्टर त्याच आठवड्यात गाठा.

सहा महिन्यांनी, किंवा नजरेत फरक जाणवला की त्याआधीच, पुन्हा भेट घ्या. जाताना पहिली यादी सोबत न्या. जे जमायला लागलं ते खोडा, नवं अडलेलं खाली लिहा, आणि शिक्षकाला सांगा की आता इथून सुरू करू.